काजळगडाचं पाचवं दार

शकीला मुजावर नावाच्या खेळाडूने दिलेले दोन स्टार केतकीने तीनदा वाचले, आणि कितीतरी महिन्यांनी तिला बरं वाटलं.

मत असं होतं: 'दुसऱ्या दाराशी कोल्हा जे कोडं घालतो ते पोरकट आहे. माझ्या भाचीने ते भाजी निवडता निवडता सोडवलं. तिसऱ्या दाराचं वर्णन फार लांबलं आहे. पाचव्या दाराशी जे होतं त्याला मी क्रूर म्हणेन. दोन दिवस मला जेवण गेलं नाही. लिहिणाऱ्याने एकदा समोर येऊन सांगावं की हे असं का केलं. मी चौथ्यांदा खेळते आहे. दोन स्टार.'

'काजळगड' हा मोबाइलवरचा गेम. त्यात चित्रं नव्हती, संगीत नव्हतं, नुसते शब्द. 'तू एका ओल्या भुयारात जागा होतोस. तुझ्याशेजारी कुणीतरी श्वास घेतंय.' एवढं वाचून झालं की पुढे काय करायचं ते खेळाडूने लिहायचं. दिवा लाव. उत्तरेला जा. तिला नाव विचार. शेजारी श्वास घेणारी असते तुंगा, एका पाथरवटाची मुलगी. गडाच्या राजाने केलेल्या मंत्रामुळे तिथल्या दिव्यांची काजळी माणसांच्या आठवणी खाते. आठ दारं ओलांडून बाहेर पडलं तर आठवणी परत मिळतात. पाचवं दार वरून खाली येणाऱ्या शिळेचं आहे. तुंगा ती शिळा खांद्यावर पेलते आणि खेळाडूला म्हणते, 'तू हो पुढे.' तिला वाचवायचा कुठलाही मार्ग गेममध्ये नाही. पुढे जायचं, किंवा मागे फिरून तिच्याबरोबर कायमचं गडात राहायचं.

केतकी भालेरावने हे सगळं नऊ वर्षांपूर्वी लिहिलं होतं, नाशिकच्या घरात, जेवणाच्या टेबलावर. पॉलिटेक्निकमधला तिचा वर्गमित्र यशोधन काळे याने त्याचा गेम केला. दोघांनी मिळून 'झरोका' नावाची कंपनी काढली, सातपूरला पंपांच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत. आता तिथे बारा माणसं होती.

सुरुवातीची वर्षं केतकी रोज सकाळी चहाबरोबर खेळाडूंची मतं वाचायची. पाचव्या दारावरून लोक कडाकडा भांडायचे. लातूरच्या एका इंजिनिअरने तुंगाला वाचवायच्या अकरा युक्त्या नकाशासकट लिहून पाठवल्या होत्या आणि 'पहार लाव' असं लिहिल्यावर गेम गप्प का बसतो, असा जाब विचारला होता. गडहिंग्लजच्या एका जोडप्याने एकाच फोनवरून दोन मतं दिली होती. बायकोचे पाच स्टार, नवऱ्याचा एक. सरासरी कशीबशी साडेतीन. केतकी प्रत्येकाला उत्तर लिहायची. ते तिच्या कामाचं नव्हतं, पण तिला ते सगळ्यात आवडायचं.

गेल्या दोन वर्षांत सरासरी चढत चढत चार पूर्णांक नऊवर गेली. मतंही बदलली. 'खूप छान.' 'मन शांत झालं.' 'तुंगा बहिणीच्या घरी पोचते तो प्रसंग वाचून डोळे भरून आले.' केतकीने तुंगाला बहीणच दिली नव्हती. तिने तेव्हा यशोधनला विचारलं होतं. तो म्हणाला होता, "आपला तो कौल नावाचा प्रोग्राम जरा मदत करतो गं, अडलेल्या लोकांना. थोडी भर घालतो." ती पुढच्या गेमच्या लेखनात होती. तिने ते सोडून दिलं. ही चूक आपली, हे तिने नंतर कधी नाकारलं नाही.

शकीला मुजावरच्या मताखाली तिने लिहिलं, 'मी ते लिहिलं आहे. समोर यायला तयार आहे,' आणि खाली फोन नंबर दिला. दुपारी फोन आला.

"तुमीच का त्या?" आवाज साठीतला, खणखणीत. "मी मिरजेवरनं बोलते. मला वाटलं कोणी पुरुष असेल."

"का?"

"बाईमाणूस एवढं निष्ठुर लिहीत नाही म्हणतात. मला काय तसं वाटत नाही. पण म्हणतात."

केतकीला हसू आलं. "पाचव्या दाराशी तुम्ही काय केलंत?"

"तीनदा पुढे गेले. एकदा मागे फिरले. मागे फिरलं की तुमी नुसतं एवढंच लिहिलंय, 'शिळा खाली येते. अंधारात दोन माणसं श्वास घेत राहतात.' दुसरं काय नाही. मी फोन आपटला होता बगा."

ही वाक्यं केतकीची होती, अक्षरन् अक्षर. तिने सावकाश विचारलं, "शकीलाताई, तुंगाला बहीण आहे का हो?"

"कुठली बहीण? तिचा तर बाप पण दुसऱ्या दारालाच गेला. तुमीच मारलाय."

"तुम्ही गेम कुठल्या फोनवर खेळता?"

"साधाच फोन. खिशात असतो झग्याच्या. मला दिसत नाही, जन्मापासनं. फोन वाचून दाखवतो, मी ऐकते, बोलून सांगते काय करायचं ते. मी बँकेत टेलिफोन ऑपरेटर होते एकतीस वर्षं, कानानं जगायची सवय आहे. चित्रांचे गेम आमच्या काय उपयोगाचे? तुमचा एक असा निघाला की डोळेवाल्यांना जेवढा मिळतो तेवढाच आम्हाला मिळतो. आमच्या ग्रुपमधे पुष्कळ जण खेळतात."

फोन ठेवून केतकी उठली. थेट यशोधनच्या खोलीत गेली.

"कौल नक्की काय करतो?" तिने विचारलं. "सगळं सांग. मला वेळ आहे."

यशोधन वाईट माणूस नव्हता. विचारलं की सांगायचा. अडचण एवढीच की विचारलं नाही तर सांगायचा नाही.

त्याने जे सांगितलं ते असं. हृदयाचा प्रत्येक ठोका पडला की चेहऱ्याच्या कातडीखाली रक्त येतं आणि कातडीचा रंग किंचित बदलतो. माणसाच्या डोळ्याला हा बदल दिसत नाही, फोनच्या पुढच्या कॅमेऱ्याला दिसतो. त्यावरून नाडी कळते. त्याच कॅमेऱ्याला डोळ्यातली बाहुली किती मोठी झाली, नजर कुठल्या शब्दावर अडकली, कुठून मागे फिरली, तेही कळतं. आणि अंगठा काचेवर किती दाबला गेला, हे काच सांगते. या सगळ्यांतून प्रत्येक वाक्यावरचं माणसाचं न लिहिलेलं मत काढता येतं. कौल ते मत काढतो.

"लोक जे लिहितात ते नंतरचं असतं," यशोधन म्हणाला. "कोण रागाने लिहितो, कोण दुसऱ्याचं वाचून लिहितो. हे खरं मत. वाचता वाचताचं."

"आणि ते कळल्यावर?"

"मग पुढचं वाक्य त्याप्रमाणे येतं. तुझी नजर ओळीच्या शेवटापर्यंत पोचायच्या आत पुढची ओळ नव्याने लिहिलेली असते. आधी फक्त कोडी सोपी करायचो. मग लक्षात आलं की लोक पाचव्या दाराशी गेम सोडतात. तिथे कौलाला थोडी मोकळीक दिली. मग सगळीकडेच दिली."

"म्हणजे आता प्रत्येकाचा गड वेगळा."

"प्रत्येकाला हवा तसा."

"आणि शकीला मुजावरांचा?"

यशोधनने पडद्यावर काहीतरी शोधलं. "त्यांचा फोन खिशात. कॅमेऱ्याला चेहरा दिसत नाही, तर कौलाला काही कळत नाही. मग तो मूळ मजकूर देतो. असे तीनशे बारा लोक आहेत. जवळजवळ सगळे अंध." तो थांबला. "त्यांची सरासरी तीन पूर्णांक एक आहे."

आठ लाख लोकांनी काजळगड घेतला होता. केतकीने लिहिलेला गड आता त्यांतले तीनशे बारा जणच पाहत होते, आणि त्यांतल्या बहुतेकांना डोळ्यांनी दिसत नव्हतं.

केतकीचा नवरा मंदार शीतगृहांच्या यंत्रांची देखभाल करायचा. द्राक्षांच्या हंगामात तो चार-चार दिवस पिंपळगावला असायचा, घरी असला तरी फोन येत राहायचे. बोलणं कमीच. पण काजळगड तो खेळायचा, हे केतकीला माहीत होतं. जेवण झालं की खिडकीशी बसून अर्धा-पाऊण तास. त्याचं तिला बरं वाटायचं. आपला नवरा आपलं लिहिलेलं वाचतो, ही काही प्रत्येकीच्या वाट्याला येणारी गोष्ट नाही.

त्या रविवारी सकाळी तो खेळत असताना ती शेजारी जाऊन बसली.

"कुठल्या दाराशी आहेस?"

"चौथ्या."

"केव्हापासून?"

त्याने खांदे उडवले. "झाले असतील सात-आठ महिने."

"सात महिने चौथ्या दाराशी काय करतोस?"

"काही नाही. बसलोय."

तिने हात पुढे केला. त्याने फोन दिला. पडद्यावर लिहिलं होतं, 'तुंगा शेकोटीत काटक्या सारते आणि तुझ्याकडे बघून,' आणि तिथपर्यंत नजर जाते न जाते तोच शेकोटी गेली. त्या जागी आलं, 'तुंगा ताडकन उठते. ही शेकोटी कोणी लावली, असं ती विचारते.' कौलाला केतकीचा चेहरा दिसला होता. तो तिच्यासाठी लिहू लागला होता, आणि चांगलं लिहीत होता, अगदी तिच्यासारखं. तिने फोन उलटा करून मांडीवर ठेवला.

"मला तुझा वाचता येणार नाही," ती म्हणाली. "मी बघितलं की तो बदलतो. तू वाच. मोठ्याने."

"कशाला?"

"वाच ना."

मंदारने फोन घेतला. पहिलं वाक्य वाचायला त्याला दोनदा घसा साफ करावा लागला. "तुंगा शेकोटीत काटक्या सारते आणि तुझ्याकडे बघून विचारते, आज कुणाशी बोललास का रे?" तो थांबला. तिने मान हलवली. तो पुढे वाचत गेला. तुंगा त्याला भाकरी वाढते. यंत्राचा आवाज दिवसभर कानात राहतो का, असं विचारते. तो काय लिहितो ते ऐकते, आणि घाई करत नाही. पान, दोन पानं, पाच पानं. काजळगडात कुणी कुठे जात नव्हतं. दारं तशीच बंद होती.

"तुला यंत्रांचा आवाज कानात राहतो?" केतकीने विचारलं.

"राहतो. झोपेतही."

"मला कधी बोलला नाहीस."

"तू लिहीत असतेस." तो सहज म्हणाला, तक्रार म्हणून नाही. तिला ते तक्रारीपेक्षा जास्त लागलं.

थोड्या वेळाने ती म्हणाली, "मंदार, हे मी लिहिलेलं नाही."

"म्हणजे?"

तिने सगळं सांगितलं. कॅमेरा, नाडी, बाहुल्या. तो ऐकत होता आणि त्याचा चेहरा हळूहळू बंद होत गेला. आपल्याला कोणीतरी चोरून बघत होतं आणि तेच बायकोने आत्ता मोठ्याने वाचून घेतलं, असं त्याला वाटलं असावं.

"ठीक आहे," तो शेवटी म्हणाला. "यंत्राने लिहिलं. मला आवडतं ते. त्यात वाईट काय आहे? कोणाचं नुकसान झालं?"

 तुंगा त्याला जे विचारत होती ते विचारायला घरात कोणी नव्हतं, आणि यंत्राला ते केतकीच्या आधी कळलं होतं. तिला तुंगाचा राग आला. मग स्वतःचा. मग तिला असं वाटलं की हा राग यंत्राला कळू देता कामा नये, नाहीतर तोही ते गोड करून टाकेल.

"मला माहीत नाही," ती म्हणाली. "पण तू मला तुंगाबद्दल सांगायचास ना, फार चांगली लिहिलीयस म्हणून. मी खूश व्हायचे. आपण दोघं दोन वेगळ्या बायकांबद्दल बोलत होतो."

मंदार उठून पिंपळगावला निघून गेला. हंगाम होता, जायला कारण लागत नव्हतं.

पंधरा दिवसांनी यशोधनने तिच्यापुढे एक कागद ठेवला. गेमची नवी आवृत्ती येणार होती. आता कॅमेरा लागणार नव्हता. कानात घालायच्या इअरफोनच्या बोंडातूनही नाडी मोजता येते, कानाच्या पाळीमागे रक्ताचा प्रवाह चांगला मिळतो. म्हणजे अंध खेळाडूंनाही कौल मिळणार होता.

"बघ, त्यांच्यावर अन्याय होत होता एवढी वर्षं," यशोधन म्हणाला, आणि ते तो मनापासून म्हणत होता. "मूळ मजकूर फक्त बोंड न घालणाऱ्यांपुरता उरेल. तू फक्त इथे सही कर. कौलाने तयार केलेली सर्व रूपं लेखिकेचीच मानली जातील, एवढंच आहे त्यात. नाव तुझंच राहील."

"आणि नाही केली तर?"

"तर तुझा मजकूर आम्हाला काढून टाकावा लागेल. करारात मजकूर तुझा आहे. पण केतकी, खरं सांगू? आज शंभर वाक्यांत तुझी चार उरली आहेत. ती काढली तर कोणाला कळणारही नाही."

खाली पंपांच्या दुकानात कोणीतरी मोटर लावून बघत होतं. 

"शकीलाताईंना कोणी विचारलं का, त्यांना कौल हवा आहे का म्हणून?"

"कोणाला नको असतो? लोकांना आवडतंय. आठ लाख लोकांना. तू कोण ठरवणार की त्यांना रडायलाच पाहिजे?"

"मी काही ठरवत नाही. मी एक गोष्ट लिहिली. आवडली नाही तर शिव्या द्याव्यात. खूप दिल्यात लोकांनी, मी घेतल्यात. पण जी गोष्ट मी लिहिली नाही तिच्यावर मी सही करणार नाही."

"मग तुझा गड कुठेच राहणार नाही. तुझ्या त्या तीनशे बारांनाही मिळणार नाही. हा विचार केलास?"

"केला."

"हा नुसता हट्ट आहे."

"असेल," केतकी म्हणाली. "तसं समज."

तिने कागद परत सरकवला. त्या आठवड्यात तिने खोली रिकामी केली. नऊ वर्षांत साठलेलं सामान एका खोक्यात मावलं. जिन्यापर्यंत यशोधन खोकं उचलून आला.

गेममधून तिचा मजकूर निघायला महिना बाकी होता. केतकीने एक गोष्ट केली. काजळगडाच्या पानावर ती साध्या खेळाडूसारखी गेली आणि तिने आपलं मत लिहिलं. 'मी या गेमची लेखिका. तुम्ही जे वाचता ते मी लिहिलेलं नाही. ते तुमच्या चेहऱ्याकडे बघून यंत्र लिहितं. तुमच्या शेजारच्या माणसाला विचारा, त्याची तुंगा कशी आहे. एक स्टार.'

तिला वाटलं होतं, गदारोळ होईल. दोन दिवस गेले, चार गेले. कोणी काही बोललं नाही. तिच्या फोनवर ते मत सगळ्यात वर दिसत होतं, खाली शाबासकी देणारी दोन-चार उत्तरंही होती. मंदार घरी आला तेव्हा तिने त्याला म्हटलं, "तुझ्या फोनवर बघ जरा मतं."

त्याने बघितलं. खाली, आणखी खाली. "नाही दिसत."

"सगळ्यात वर आहे."

"इथे नाहीये. इथे सगळे छान छानच म्हणतायत." तो मान वर न करता म्हणाला. मग त्याच्या लक्षात आलं आणि त्याने फोन टेबलावर ठेवला. "मतंसुद्धा?"

मतंसुद्धा. ज्याला जे वाचून बरं वाटेल तेवढीच मतं कौल त्याला दाखवत होता. केतकीचा एक स्टार फक्त केतकीला आणि खिशात फोन ठेवणाऱ्यांना मिळाला होता.

त्या रात्रीपासून मंदारने तो गेम उघडला नाही. केतकीने त्याला तसं सांगितलं नव्हतं. तिने रोज एक गोष्ट करायला सुरुवात केली होती. तो आला की ती वही मिटायची आणि त्याला दिवसाचं विचारायची. पहिल्या दिवशी दोघांनाही अवघडल्यासारखं झालं. दुसऱ्या दिवशी तो म्हणाला, "मुद्दाम विचारू नकोस." ती म्हणाली, "मुद्दामच विचारतेय." तिसऱ्या दिवशी त्याने एका बिघडलेल्या कॉम्प्रेसरबद्दल वीस मिनिटं सांगितलं. तिला त्यातलं निम्मं कळलं नाही आणि थोडा कंटाळाही आला. तो तिच्या चेहऱ्यावर दिसला. मंदार हसला आणि सांगत राहिला.

शकीलाताईंचा फोन आला.

"तुमचा एक स्टार वाचला. बरोबर लिहिलंय. आता म्हणे आमच्या कानात पण घालणार ते मशीन."

"हो. आणि माझा मजकूर पुढच्या महिन्यात निघणार. मी सही केली नाही म्हणून. तुमचा गेम माझ्यामुळे बंद होतोय, शकीलाताई."

"निघणार म्हणजे कुठं जाणार? तुमच्याकडं कागद हाय का नाही?"

"आहे ना. सगळा आहे."

"मग वाचा की तुमी. आमी ऐकतो. मशीन काय करत होतं? वाचून दाखवत होतं आणि आमी सांगू त्या पानावर जात होतं. ते काय तुम्हाला जमत नाही?"

 केतकीने नऊ वर्षांत एकदाही काजळगड मोठ्याने वाचला नव्हता.

"एक बारीक अट हाय," शकीलाताई म्हणाल्या. "आवाज गोड काढायचा नाही. सपाट वाचा. आणि लाइनी जोडायचं काम माझ्याकडं द्या. एकतीस वर्षं तेच केलंय."

दर रविवारी दुपारी चार वाजता, असं ठरलं. साधा फोन, एकाच वेळी सगळे जोडलेले. दर वेळी एक जण खेळणार, बाकीचे ऐकणार. खेळणाऱ्याने सांगायचं, 'दिवा लाव', आणि केतकीने पानं उलटून दिवा लावल्यावरचं वाचायचं. जे उत्तर लिहिलेलंच नाही तिथे ती म्हणायची, 'काही घडत नाही.' खेळ संपला की खेळणाऱ्याने सगळ्यांसमोर मत द्यायचं आणि लेखिकेने मधे बोलायचं नाही. हा नियमही शकीलाताईंचाच.

पहिल्या रविवारी एकोणीस जण होते. अहेरीचे एक निवृत्त मास्तर खेळत होते. पाचव्या दाराशी ते इतका वेळ गप्प राहिले की लाइन तुटली असं सगळ्यांना वाटलं. ते पुढे गेल्यावर धुळ्याची एक मुलगी त्यांना काहीबाही बोलली. मास्तर म्हणाले, "बाळा, तू माझ्या जागी नव्हतीस." ती म्हणाली, "होते की. मीही तिथेच ऐकत होते." आणि तासभर जे भांडण चाललं ते केतकीने कानाला फोन लावून, डोळे मिटून ऐकलं.

चौथ्या रविवारी ज्यांना दिसतं असेही लोक येऊ लागले. कोणाची बहीण, कोणाचा शेजारी. त्यांतल्या एका बाईने पाचव्या दारानंतर हळूच विचारलं, "म्हणजे तिला बहीण नाहीच का?" कोणी हसलं नाही.

मग झरोका कंपनीच्या वकिलाचं पत्र आलं. 'काजळगड' हे नाव कंपनीच्या मालकीचं आहे, ते वापरून खेळ चालवता येणार नाही. केतकीने ते पत्र रविवारी सगळ्यांना वाचून दाखवलं, सपाट आवाजात.

"काय करणार?" मास्तरांनी विचारलं.

"नाव त्यांना ठेवू दे," केतकी म्हणाली. "आपल्याला नाव नको. गडात उठल्यावर तुम्हाला तरी कुठे माहीत असतं, कुठल्या गडात आहात ते."

तिने वकिलाला दोन ओळींत तसं कळवलं. त्याच दिवशी यशोधनला वेगळा निरोप लिहिला. 'रविवारी चारला ऐकायला ये. कॅमेरा लागत नाही.' त्याचं उत्तर आलं नाही. पण शकीलाताईंनी एकदा सांगितलं की नाशिकचा एक नंबर दर वेळी जोडला जातो, नाव सांगत नाही, बोलतही नाही. त्या म्हणाल्या, "काढू का?" केतकी म्हणाली, "राहू दे."

द्राक्षांचा हंगाम संपत आला होता तेव्हाची गोष्ट. रविवारी चार वाजता केतकीने फोन लावला. शकीलाताईंनी लाइनी जोडल्या. त्रेचाळीस जण होते.

"आज खेळणार पिंपळगावचे मंदार भालेराव," शकीलाताईंनी पुकारलं. "नवीन आहेत. सांभाळून घ्या."

मंदारने तिला काहीच सांगितलं नव्हतं. त्याच्यामागे यंत्रांची घरघर ऐकू येत होती. केतकीने पहिलं पान काढलं. आवाज सपाट ठेवायला तिला त्या दिवशी पहिल्यांदा कष्ट पडले.

"तू एका ओल्या भुयारात जागा होतोस. तुझ्याशेजारी कुणीतरी श्वास घेतंय."

"दिवा लाव," मंदार म्हणाला.

तो हळू खेळत होता, पण अडत नव्हता. चौथ्या दाराशी त्याने तुंगाला सांगितलं, 'थोडं बस.' केतकीच्या कागदावर उत्तर होतं: 'तुंगा म्हणते, बसलो तर काजळी चढेल. ऊठ.' तिने ते वाचलं. लाइनीवर थोडा वेळ फक्त घरघर होती. मग तो म्हणाला, "उठतो."

पाचव्या दाराशी त्याने 'पहार लाव' म्हणून बघितलं. "काही घडत नाही," केतकीने वाचलं. 'दगड सरकव.' काही घडत नाही. 'तुंगाच्या जागी मी उभा राहतो.' काही घडत नाही.  शेवटी तो म्हणाला, "पुढे जातो," आणि पुढची तीन दारं त्याने एकट्याने ओलांडली. गडाबाहेर आला तेव्हा सव्वासहा झाले होते.

"मत सांगा," शकीलाताई म्हणाल्या.

"शेवट मला पटला नाही," मंदार म्हणाला. "तिला सोडून आल्यावर आठवणी परत मिळाल्या तरी त्यांचं करायचं काय, ते कुठेच सांगितलेलं नाही. आणि ज्या बाईने हे लिहिलं तिला मी ओळखतो. तिला यापेक्षा चांगला शेवट सुचला असता. तिने घाई केली. एक स्टार."

कोणीतरी सुस्कारा सोडला.

"लेखिकाबाई," शकीलाताईंनी विचारलं, "नियम मोडून विचारते. बदलणार का?"

"नाही," केतकी म्हणाली.

"बरं. पुढच्या रविवारी चार वाजता."

मंदार साडेसातला घरी आला. हातपाय धुऊन ताटावर बसला आणि पहिला घास घ्यायच्या आधी म्हणाला, "घाईच केलीस तू." तिने घाई केली नव्हती, तो शेवट तिने सहा वेळा लिहिला होता, आणि ते तिने त्याला चढ्या आवाजात सांगितलं. तो म्हणाला, मग सहाव्यांदा चुकला. ती म्हणाली, तुला सुखाचे शेवट वाचायची सवय लागली आहे. तो म्हणाला, ती मोडली म्हणूनच सांगतोय. आमटी गार झाली, कोणी वाढून घेतली नाही. कितीतरी वर्षांनी ती दोघं अशी भांडत होती, आवाज चढवून, एकमेकांचं तोडून, आणि एकाच गोष्टीवरून.